मधोमध काही ठेवू नये

रविवार, ८ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं खुशाल असाल, चिमणीचा खोकला एव्हाना गेला असेल. इकडे सगळं ठीक आहे.

तू म्हणशील, फोन ठेवून तास झाला नाही तोवर पत्र कसलं लिहितेय, ताईला वेड लागलं. पण आपल्या घरचा फोन तुला माहीत आहे. स्पीकर लावल्याशिवाय बाबा तो कुणाला घेऊ देत नाहीत. आणि मेल केला तर तू तो लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचणार आणि खाली अंगठा टाकून मोकळा होणार. पत्राला अंगठा टाकता येत नाही, म्हणून पत्र.

आधी बातम्या. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा बदलला. नळवाला तीन वेळा येऊन फक्त बघून गेला, चौथ्या वेळी मी दार अडवून उभी राहिले तेव्हा काम झालं. औषधांच्या दुकानात मालकांनी माझ्या हाताखाली एक नवीन मुलगी ठेवलीय. गोड आहे, पण डॉक्टरांचं अक्षर वाचता आलं नाही की अंदाजाने गोळ्या काढते, त्यामुळे मला माझं काम करून तिचंही पाहावं लागतं. माझा गुडघा आहे तसाच आहे. इमारतीची लिफ्ट दहा दिवस बंद होती, आता चालते, पण तिसऱ्या मजल्यावर उगाचच थांबते.

आता कामाचं. तू तो मोठा वक्र मॉनिटर पाठवतोयस म्हणालास. बाबा म्हणाले, "पाठव, पाठव." पाठवू नकोस. बाकीचं पत्र वाचायला वेळ झाला नाही तरी एवढं लक्षात ठेव. आला तर मी खोक्यासकट परत पाठवेन.

दुसरं तू विचारलंस ते कोड्याचं. तीन रविवार पुरवणीत बाबांचं शब्दकोडं दिसलं नाही, म्हणून तू विचारलंस, आणि बाबांनी हसून सांगितलं, "थोडी सुट्टी घेतली रे." तू म्हणालास, "घ्याच, हक्क आहे तुमचा." झालं, विषय संपला. तुझा विषय फार चटकन संपतो. एकतीस वर्षं ज्या माणसाने कोडं पाठवायचा एक मंगळवार चुकवला नाही, आई गेली त्या आठवड्यातही ज्याने कोडं वेळेवर पोचवलं (आणि तू त्यावरून महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नव्हतास), तो माणूस सुट्टी घेतो म्हणतो आणि तुला ते खरं वाटतं?

सुट्टी नाही. पुरवणीच्या संपादकबाईंनी कोडं बंद केलं. जागा दुसऱ्या कुणालातरी दिली. बाई चांगल्या आहेत, फोनवर चार वेळा "काका, तुम्ही आता विश्रांती घ्या" म्हणाल्या. बाबा प्रत्येक वेळी "हो हो, बरोबर आहे" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरचा शब्दकोश उचलला, कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावलं. तो शब्दकोश कपाटात गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

हे कसं झालं ते सांगायचं म्हणजे तुझ्या नोव्हेंबरच्या आठ दिवसांपाशी जावं लागतं.

तू चार वर्षांनी आलास. बाबा दोन दिवस आधीपासून दाढी करून तयार होते. तू आलास, घरात आवाज झाला, हसणं झालं, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच बरं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी बाबा खाली फिरायला गेले होते. मी दुकानात जायला निघाले होते आणि तू बाबांच्या कॉम्प्युटरवर तिकिटाचं काहीतरी बघायला बसलास. तिथून ओरडलास, "ताई, अगं हा काय भूतबंगला करून ठेवलाय! बघून माणसाचे डोळे जातील."

आठवतं? मला आठवतं. शब्द न् शब्द.

तुझ्या दृष्टीने तो भूतबंगलाच होता. काळा कुट्ट पडदा. त्यावर पिवळी जर्द अक्षरं, एकेक अंगठ्याएवढं. चित्रांचे आयकॉन नाहीतच, नुसती अक्षरं: कोड्याला 'क', पत्रांना 'प', शब्दांच्या याद्यांना 'श'. माऊसचा बाण लालभडक, पेरूच्या फोडीएवढा. खालची पट्टी उचलून डाव्या कडेला उभी केलेली. आणि जे काय होतं ते सगळं कडेकडेला कोंबलेलं, डावीकडे, वर, थोडं उजव्या कोपऱ्यात. मधे भलंमोठं मोकळं मैदान. तू म्हणालास, "एवढी जागा फुकट घालवलीय! मधे काहीच नाही!"

तुझा धंदाच तो. दुकानांची, बँकांची ॲप्स कशी दिसावीत, बटण कुठे असावं, कुठला रंग डोळ्यांना शांत वाटतो, हे तू ठरवतोस आणि लोक तुला त्याचा पगार देतात. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई. तू मला विचारलंस, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "झालंय असंच हळूहळू." तू म्हणालास, "मी करून देतो नीट." मी पर्स उचलली आणि म्हटलं, "कर तुला हवं तसं."

संध्याकाळी आले तर पडदा धुतल्यासारखा. फिक्कट निळसर रंग, त्यावर तुम्हा तिघांचा बागेतला फोटो, बारीक रेघांचे नाजूक आयकॉन, सगळे एका ओळीत, बरोबर मधोमध. दिसायला सुरेखच होतं, मी नाही म्हणत नाही. तू बाबांना खुर्चीवर बसवलंस. त्यांनी माऊसवर हात ठेवला, मान जराशी वाकडी केली, एखादं चित्र बघावं तसं बाजूने बघितलं आणि म्हणाले, "वा! एकदम मोकळं वाटतंय." तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास.

मान वाकडी का केली, हे तुला कळलं नाही. कळणार कसं?

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा डोळा गेला. पूर्ण नाही, मधला भाग गेला. मग डाव्याच्याही मधोमध एक डाग आला. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं होतं: कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. बाबा म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याने माझ्या खिडकीच्या बरोबर मधे शर्ट वाळत घातलाय म्हणायचा." डॉक्टरबाई हसल्या. घरी आल्यावर बाबांनी मला समोर बसवलं आणि वचन घेतलं की धाकट्याला सांगायचं नाही. तो काळजी करेल, नोकरी सोडून येईल, म्हणे. तू नोकरी सोडून येशील असं मला कधीच वाटलं नाही, पण ते त्यांना सांगून काय उपयोग. मी वचन दिलं.

संपादकबाईंनाही सांगायचं नव्हतं. त्या म्हणाल्या असत्या, राहू द्या आता. बाबांना तेवढंच नको होतं. पेन्शनीतला माणूस, बायको गेलेली, मुलगा लांब, मुलगी दिवसभर दुकानात. त्यांच्याकडे आठवड्याला एक मंगळवार होता. तो टिकवायचा, एवढंच आमचं दोघांचं ठरलं.

मग मी बसले. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तुला माहीतच आहे. दुकानासमोरच्या दुरुस्तीवाल्याकडे रोज दुपारच्या सुट्टीत जाऊन बसायचे. तो एकेक गोष्ट दाखवायचा, मी वहीत लिहून घ्यायचे, संध्याकाळी घरी करून बघायचे. रंग उलटे केले. पांढऱ्यावर काळं बाबांना धुकं वाटायचं, काळ्यावर पांढरं टोचायचं, हिरवं वाचता यायचं पण अंगावर यायचं. पिवळ्यापाशी यायला सहा आठवडे लागले. बाण आधी निळा केला, तो हरवायचा. चित्रांचे आयकॉन सगळे सारखेच दिसायचे, म्हणून अक्षरं केली. आणि एके दिवशी बाबांनीच शोध लावला. पडद्याच्या बरोबर मधे बघायचं, डाग तिथे ठेवून द्यायचा, आणि भोवतालचं वाचायचं. म्हणाले, "मधोमध काही ठेवू नकोस. मधली जागा शर्टाची." त्या दिवसापासून आम्ही एकेक वस्तू कडेला नेत गेलो. बोटभर वर, बोटभर खाली. कोड्याची चौकटही डाव्या निम्म्या पडद्यातच उघडायची, नेमकी तिथेच. ते या सगळ्याला "माझं टेबल" म्हणायचे. "आज टेबल छान लागलंय गं," म्हणायचे, आणि मंगळवारी कोडं जायचं. दीड वर्षात संपादकबाईंना शंकासुद्धा आली नाही.

तर ते टेबल तू एका दुपारी आवरलंस.

रागावू नकोस. रागाव, खरं तर. पण तू ते चांगल्यासाठी केलंस हे मला कळतं. तुला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण बाबांनी सांगितलं नाही. आणि मी सांगितलं नाही. वचन होतं, हे खरं. पण वचन डोळ्यांबद्दल होतं. "त्याला हात लावू नकोस, बाबांची सवय आहे," एवढं म्हणायला कुठलं वचन आड येत होतं? मी पर्स उचलली आणि निघून गेले.

का गेले, ते सांगते. तू ओरडलास ना, भूतबंगला, तेव्हा मला राग आला. वाटलं, करू दे. बघू दे. उंटावरचा शहाणा आठ दिवसांसाठी आलाय, त्याला करू दे नीट. मग बाबाच म्हणतील, अरे, हे नको, तुझ्या ताईचंच लाव.

ते म्हणाले, "वा."

तू गेलास. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी टेबलाशी बसायचे. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकायचे, मग मान डावीकडे, मग उजवीकडे. तुमच्या फोटोतल्या झाडापाशी कुठेतरी बाण अडकायचा आणि दिसेनासा व्हायचा. मी विचारलं, "जमतंय ना?" म्हणाले, "होईल सवय." शिलकीत चार कोडी तयार असायची, आजारपणासाठी म्हणून ठेवलेली. म्हणाले, "यातलं एक पाठवून दे, तोवर मी हात बसवतो." ते मी पाठवलं. पुढच्या मंगळवारी दुसरं. असे चार मंगळवार निघाले, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

दर रविवारी तुझा फोन. "बाबा, नवीन स्क्रीन कसा वाटतो?" आणि बाबा, "झकास! डोळ्यांना थंड." मी तिथेच बसून कपडे घडी करत असायचे. दर वेळी वाटायचं, आज म्हणतील. आज तरी म्हणतील.

आणि मधेच दुकानातल्या त्या नव्या मुलीने मला तिच्या फोनवर दाखवलं, "हा तुमचा भाऊ ना?" तू दोन फोटो टाकले होतेस. आधी आणि नंतर. डावीकडे माझा काळा पडदा, उजवीकडे तुझा निळा. खाली लिहिलं होतंस, "वडिलांच्या पसाऱ्याला थोडी शिस्त." चारशे का पाचशे लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, डावीकडचा फोटो बघूनच डोकं दुखलं. तू त्याला हसरा चेहरा पाठवला होतास. मी त्या मुलीला फोन परत दिला आणि दिवसभर तिच्यावर खेकसत राहिले. बिचारीचा काय दोष?

पिकतं तिथे विकत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्या दिवशी मला ते अंगाला झोंबलं. दीड वर्ष बोटबोट सरकवत लावलेली मांडणी, आणि तिला नाव पसारा.

पाचव्या मंगळवारी शिल्लक संपली. बाबांनी कागदावर जाड पेनने कोडं बनवलं. चौकटीच्या रेघा मी आखून दिल्या. त्यांनी तीन दिवस घेतले, मग मला सांगून ते टाइप करून घेतलं. मी टाइप केलं, पाठवलं. रविवारी छापून आलं. आडवा सात आणि उभा तीन एकमेकांत बसतच नव्हते. एका शोधसूचनेपुढे तर दुसऱ्याच शब्दाचा आकडा होता. वाचकांची पत्रं आली. धाकट्या, लोक किती बारकाईने कोडं सोडवतात हे तेव्हा कळलं. एका निवृत्त मास्तरांनी लाल पेनने सगळं कोडं दुरुस्त करून पाठवलं होतं. संपादकबाईंनी ती पत्रं बाबांना दाखवली नाहीत, नुसतं सांगितलं. पुढच्या कोड्यातही तसंच झालं. मग तो फोन आला, "काका, विश्रांती घ्या."

ते कोडं टाइप करताना मला चूक दिसली नव्हती का? दिसली होती. आडवा सात बसत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, बाबांना काहीतरी सुचलं असेल. नाही. हेही खोटं. तेव्हा वाटलं होतं की आता तरी त्यांना म्हणावं लागेल.

आता जे लिहायचं त्यासाठी मी हे पान दोनदा फाडलं.

जुनी मांडणी गेली नव्हती. दुरुस्तीवाल्याने एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला होता, त्यात सगळं टेबल जसंच्या तसं एका फाइलमध्ये साठवता यायचं. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याची प्रत काढायचे. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. तू ओरडलास तेव्हा जी पर्स उचलून मी बाहेर पडले, त्याच पर्समध्ये. परत लावायला पाच मिनिटं लागली असती. तू टॅक्सीत बसलास त्या संध्याकाळी मी ते करू शकत होते. दुसऱ्या दिवशी करू शकत होते. चार मंगळवारांपैकी कुठल्याही मंगळवारी.

सात आठवडे मी ते केलं नाही. मला बाबांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, आणि ते तुझ्या कानावर जायला हवं होतं. स्पीकरवर. तेवढ्यासाठी मी मूग गिळून बसले. तुझं वाईट दिसावं म्हणून मी त्यांना धडपडताना बघत राहिले, आणि ते मात्र तुझं वाईट दिसू नये म्हणून धडपडत राहिले.

संपादकबाईंचा फोन आला, शब्दकोश कपाटात गेला, तेव्हा माझा ताठा उतरला. दुसऱ्या सकाळी दुकानात जायच्या आधी मी पेन ड्राइव्ह लावला. पाचही मिनिटं लागली नाहीत. काळं मैदान, पिवळी अक्षरं, लाल बाण, सगळं आपापल्या जागी. बाबांना हाक मारली. म्हटलं, "बाबा, बघा, टेबल लागलं. आपण बाईंना फोन करू. मी सांगते त्यांना, मांडणी बिघडली होती म्हणून झालं."

ते बसले. मधे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग हात पुढे करून पडद्याला बोट लावलं, डाव्या कडेला, जिथे 'क' असतो तिथे. बोट 'क'च्या चार बोटं खाली पडलं.

"पिवळं केलंयस का?" म्हणाले.

डॉक्टरबाईंकडे नेलं. डाव्या डोळ्याच्या आत रक्त उतरलंय. आठ-दहा दिवस झाले असावेत म्हणाल्या. डाग आता मधोमध राहिलेला नाही, पसरलाय. दार दिसतं, खुर्ची दिसते, माणूस उभा आहे हे दिसतं. अक्षर दिसणार नाही, कितीही मोठं केलं तरी. मी डॉक्टरबाईंना वेगळं बाहेर नेऊन विचारलं, पडद्यावर ताण देऊन देऊन झालं का? त्या म्हणाल्या, मुळीच नाही, हे व्हायचं ते झालंच असतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मी हिशेब केला. रक्त उतरायच्या आधी बाबांच्या नजरेचे सहा आठवडे शिल्लक होते. सहा कोडी. ती त्यांना करता आली असती. ते सहा आठवडे ते तुमच्या फोटोतल्या झाडात बाण शोधत होते, आणि फाइल माझ्या पर्समध्ये होती.

म्हणून म्हणते, मॉनिटर पाठवू नकोस. वरातीमागून घोडं येऊन काय करायचंय?

मंगळवार

परवा लिहायला घेतलं, काल रात्री इथवर आलं आणि पत्र पाकिटात घालणार होते. बाबांनी विचारलं, "दोन दिवस काय लिहितेस? पेनाचा आवाज येतोय." म्हटलं, धाकट्याला पत्र. म्हणाले, "वाच."

मी ठरवलं होतं की डोळ्यांचं आणि फोटोचं वाचायचं, पेन ड्राइव्हचं पान गाळायचं. त्यांना कुठे कळणार होतं, पान गाळलेलं. नेमकं तेवढ्यासाठीच गाळता आलं नाही. सगळं वाचलं. भूतबंगल्याशी ते हसले. टाळ्यांच्या ठिकाणी "अरे वा, पाचशे?" म्हणाले. माझं वाचून झालं, मी पानं घडी केली. मी म्हटलं, "बाबा, काहीतरी म्हणा."

"पेन ड्राइव्हचं मला ठाऊक होतं," म्हणाले. "दर एक तारखेला तूच सांगायचीस ना, काळजी करू नका, काही झालं तरी पाच मिनिटांत परत लावते."

मी सांगायचे. विसरले होते.

"मग मागितलं का नाहीत?"

"वाट बघितली. म्हटलं, दोघांपैकी एकजण तरी विचारेल, बाबा, दिसतंय का म्हणून. तो विचारायचा, कसं वाटतं. तू विचारायचीस, जमतंय ना. दिसतंय का, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग म्हणाले, "तू मागे दारात उभी राहायचीस, मी बसलेलो असताना. सकाळी, निघायच्या आधी. मला कडेचं दिसायचं गं. तू दिसायचीस."

धाकट्या, मी रोज उभी राहायचे. पर्स खांद्याला लावून. मला वाटायचं, त्यांना पत्ताच नाही.

मी रडले, ते नाही. म्हणाले, पत्र पाठवून दे, एक ओळही खोडू नकोस. आणि वर हे लिही की रविवारी त्याचा फोन आला की मी आता झकास म्हणणार नाही. लिहिलं.

तेव्हा रविवारी फोन कर. तिकिटाचं, चिमणीच्या शाळेचं नंतर. आधी ते एक विचार, दिसतंय का. उत्तर तुला आता माहीत आहे, तरी विचार, आणि ते सांगतील तेवढं सगळं ऐकून घे. मी शेजारीच बसलेली असेन. मीही अजून त्यांना ते विचारलेलं नाही, धीर होत नाही.

मोठ्या बहिणीने शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. वर सवयीने लिहिलाय, तो तसाच राहू दे. खाली लिहिवत नाही.

तुझी
ताई